1500 वॅटचा रॉड, मग करंट 5.1 अँपियरच का? माझा हिशोब कुठे चुकतोय?

वस्तीवरून

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण आकडे सगळे देते म्हणजे सांगायला सोपं जाईल. आमचं घर गावात नाही, मळ्यात वस्तीवर आहे, ओतूरच्या बाजूला, आणि लाईट शेतीच्याच डीपीवरनं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरनं येते. थंडीत पहाटे सगळ्यांच्या मोटरी चालू, कुणाचा कांदा कुणाचा गहू, तेव्हा व्होल्टेज पार बसतो. पाणी तापवायला रॉड आहे, त्यावर 1500 वॅट 230 व्होल्ट छापलंय. सासूबाईंना पहाटे लवकर आंघोळ लागते, पोरांची शाळा सातची, आणि 20 लिटरची बादली तापायला पाऊण तास जातो. मागच्या महिन्यात रॉड खराब झाला म्हणून नवा आणला, तरी तेच.

माझा चुलत दीर आयटीआयला वायरमन ट्रेड करतोय, त्याच्याकडनं मल्टिमीटर आणि टाँग टेस्टर (वायर जबड्यात धरून करंट मोजायचं मीटर) आणून काल आम्ही दोघांनी मोजलं. बाथरूमच्या बोर्डाला रॉड न लावता 196 व्होल्ट, रॉड चालू केला की 181. करंट 5.1 अँपियर. (आधी टाँग टेस्टर शून्यच दाखवत होता, मग दिरानं सांगितलं की पूर्ण वायर जबड्यात धरायची नाही, फेज एकटी धरायची, दोन्ही धरल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकाला कापतात. मग एक छोटी एक्स्टेंशन वायर सोलून दोन्ही तारा वेगळ्या केल्या न तेव्हा कुठे आकडा आला.)

आता माझा हिशोब असा. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर. 1500 ला 181 ने भागलं तर 8.3 अँपियर यायला पाहिजेत. येतायत 5.1. म्हणजे नवा रॉडपण डुप्लिकेट आहे का? दुकानदाराला परत न्यायचा म्हणते पण आधी खात्री करावी. मी दहावीपर्यंत शिकलीय, सूत्रं आठवतात पण कुठलं कुठे लावायचं ते कळत नाही.

रानवारा

ताई साधी गोष्ट आहे, व्होल्टेज कमी झाला की करंट वाढतो, हे आमच्याकडे सगळ्या शेतकऱ्यांना माहितीय, मोटरी त्यामुळेच जळतात. तुमचा करंट उलट कमी आलाय म्हणजे रॉडच्या आतली कॉईल हलकी भरलीय. परत करा आणि 2000 वॅटचा घ्या, प्रश्न मिटेल.

खडू आणि फळा

रानवारा, थांबा, असं नाही. आणि ताई, रॉड परत करू नका, तो अगदी बरोबर आहे, तुम्हीच मोजलेल्या आकड्यांवरनं दाखवतो. मी नववी दहावीला विज्ञान शिकवतो आणि हीच गल्लत दरवर्षी पेपरात दिसते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रॉडवर 1500 वॅट छापलंय ते त्याच्यासोबत छापलेल्या 230 व्होल्टला खरं असतं. ती एक जोडी आहे, त्यातला अर्धा भाग उचलून 181 सोबत लावता येत नाही. रॉडच्या अंगात जे कायम असतं ते म्हणजे वॅट नव्हे, त्याच्या कॉईलचा रोध, ओहममध्ये. तो आधी काढायचा. छापील आकड्यांवरनं: 1500 ÷ 230 = 6.52 अँपियर, आणि 230 ÷ 6.52 = 35.3 ओहम. एका दमात करायचं तर व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, 230 × 230 ÷ 1500, तेच 35.3 येतं.

आता तुमचे मोजलेले आकडे घ्या. 181 ÷ 5.1 = 35.5 ओहम. बघा किती जवळ आलं! म्हणजे कॉईल छापल्याप्रमाणेच भरलेली आहे, दुकानदारानं फसवलेलं नाही. फक्त तिला ढकलणारा व्होल्टेज कमी आहे म्हणून करंट कमी, आणि वॅट दोघांचा गुणाकार असल्यामुळे दुहेरी मार बसतो. 181 × 5.1 = 923 वॅट. व्होल्टेज उतरला साधारण 21 टक्के पण ताकद उतरली 38 टक्के, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे जाते. हे एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप सुटतं.

वेळेचा हिशोबही जुळतोय. 20 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण 2512 किलोज्यूल लागतात (20 × 4.186 × 30). 1500 वॅटनं 28 मिनिटं, 923 वॅटनं 45 मिनिटं. तुमचा पाऊण तास! तुम्ही घड्याळानं जे मोजलं तेच मीटरनं मोजलंय.

एक विचारतो, पाण्यातनं काढून, प्लग उपटून, रॉड गार झाल्यावर मल्टिमीटरनं ओहम बघितले होते का? ओहम मोजताना प्लग कुठेच लागलेला नको, नाहीतर मीटर जाईल आणि हातालाही धोका.

वस्तीवरून

सर खूप खूप धन्यवाद, मी दोनदा वाचलं आणि वहीत परत करून बघितलं, येतंय! दिरानं प्लगच्या दोन पिनांना मीटर लावून मोजलं होतं, 35.4 आलं होतं, मला वाटलं ह्याचा काय उपयोग म्हणून लिहिलंच नाही. पण रानवारा भाऊ म्हणतात तेही खरंय ना, आमच्या मोटरीला कमी व्होल्टेजला करंट वाढतोच, स्टार्टरवरच्या अँपियर मीटरला काटा पुढे जातो हे मी स्वतः बघितलंय. मग रॉडला उलटं कसं?

जुना वायरमन

मास्तरांनी झकास समजावलं. मोटरीचं मी सांगतो, 30 वर्ष हेच काम केलंय.

ताई, रॉड म्हणजे नुसती तार. तिला काही करून दाखवायचं नसतं, जेवढा व्होल्टेज मिळेल तेवढी ती तापते. मोटरीचं तसं नाही. विहिरीतलं पाणी तेवढंच वर चढवायचंय, पंपातला पंखा फिरायचाच आहे, म्हणजे काम ठरलेलं. व्होल्टेज कमी मिळाला तरी काम तेवढंच म्हणून ती करंट जास्त ओढून भरपाई करते. तुमचं जे 1500 भागिले 181 होतं ना, तसला हिशोब मोटरीला चालतो, रॉडला नाही. म्हणजे गणित चुकीचं नव्हतं, चुकीच्या वस्तूला लावलं होतं.

आकड्यात सांगायचं तर 5 एचपीची थ्री फेज मोटर, 1 एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणजे शाफ्टवर 3730 वॅट. मोटर स्वतः थोडं खाते, 85 टक्के कामाला लागतात धरलं तर लाईनीतनं साधारण 4390 वॅट घेते. थ्री फेजला वॅट = 1.732 × व्होल्ट × अँपियर × पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटचा खऱ्या कामाला येणारा हिस्सा, 0.8 धरा. 415 व्होल्टला 7.6 अँपियर आले. लाईन 350 वर बसली की तेच 9 अँपियर. आता वाईंडिंग, म्हणजे आतली तांब्याची गुंडाळी, तापतं ते करंटच्या वर्गाप्रमाणे, 9 भागिले 7.6, त्याचा वर्ग, 1.4 पट उष्णता. म्हणून मोटर जळते. म्हणून ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा, मोटरीच्या प्लेटवरच्या अँपियरला लावून ठेवायचा आणि ट्रिप व्हायला लागला की कृपा करून त्याचा स्क्रू पुढे फिरवायचा नाही, ट्रिप होतोय म्हणजे तो तुमचं वाईंडिंग वाचवतोय. किती मोटरी मी अशा उघडल्यात की रिले पूर्ण पुढे केलेला आणि आत कोळसा.

पण ताई मला तुमच्या आकड्यात दुसरंच काहीतरी टोचतंय. रॉड नसताना 196, रॉड लावला की 181. 15 व्होल्ट गेले कुठे? डीपीवर शंभर घरं आणि मोटरी आहेत, तुमच्या एका रॉडनं तिथे 15 व्होल्ट पडत नसतात. 15 ÷ 5.1 म्हणजे जवळजवळ 3 ओहम वायरिंगमध्ये कुठेतरी बसलेत. मीटरपासून बाथरूम किती लांब, वायर कुठली, मध्ये जोड आहे का हे सांगा. आणि रॉड चालू असताना मीटरपाशी, मेन स्विचवर, व्होल्टेज किती राहतो ते दिराला बघायला सांगा, त्यालाच करू द्या, त्याला ट्रेनिंग आहे.

इचलकरंजीकर

मधेच एक विचारतो, विषय निघालाय म्हणून. माझ्या 5 एचपी मोटरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला तर 4 ओहम दाखवतो. सरांच्या सूत्राप्रमाणे 415 ÷ 4 म्हणजे 100 च्या वर अँपियर आले पाहिजेत, येतात साडेसात. मग ओहमचा नियम मोटरीला लागतच नाही का?

खडू आणि फळा

नियम लागतो, पण मल्टिमीटर फक्त तांब्याच्या तारेचा रोध दाखवतो, बॅटरीच्या डीसी करंटवर. मोटर फिरत असताना एसीमध्ये तिच्या गुंडाळीचं चुंबकीय क्षेत्र करंटला अडवतं, आणि फिरणारा रोटर उलटा व्होल्टेज तयार करतो, तो लाईनीच्या व्होल्टेजला विरोध करत बसतो. त्या 4 ओहमवर प्रत्यक्षात फार थोडा व्होल्टेज उरतो. चालू करताना रोटर थांबलेला असतो, उलटा व्होल्टेज नसतो, तेव्हा बघा करंट चालू करंटच्या 5-6 पट उसळतो. म्हणून मोटर जाम झाली की काही सेकंदात वास यायला लागतो.

बल्बचंही वेगळं आहे. 100 वॅटच्या जुन्या बल्बचा हिशोबानं रोध 529 ओहम, आणि गार असताना मीटर लावला तर 40 च्या आसपास, कारण टंगस्टन पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जातं आणि रोध बारा-तेरा पटीनं वाढतो. रॉडमध्ये नायक्रोमची (निकेल-क्रोमियमची) तार असते, तिचा रोध तापल्यावर अगदी थोडा बदलतो, त्यात ती पाण्यात बुडालेली, म्हणून ताईंचा गार 35.4 आणि चालू 35.5 जुळला. सूत्र लावायच्या आधी समोर काय आहे ते बघायचं, बस.

आणि ताई, तुमच्याकडे व्होल्टेज सारखा हलतो तर व्होल्ट आणि अँपियर एकाच क्षणी वाचा, एक जण इकडे एक जण तिकडे. खुद्द ओहमला हाच त्रास झाला होता. तो पण शाळामास्तरच, जर्मनीत कोलोनला शिकवायचा, त्याच्या सेलचा व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच उतरायचा आणि आकडे जुळेनात. मग त्यानं बिस्मथ आणि तांब्याचा थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंचा जोड, घेतला, एक टोक बर्फात एक उकळत्या पाण्यात, तिथे व्होल्टेज स्थिर मिळाला आणि नियम हाती लागला. 1827 ला त्यानं तो पुस्तकात छापला. हे मी पोरांना नेहमी सांगतो, मोजण्यातली चिकाटी पण शिकायची गोष्ट आहे.

रानवारा

माझं चुकलं सर, मोटरीचा अनुभव सगळ्याला लावला. पण 2000 चा रॉड घेतला तर पाणी लवकर तापेल हे तरी बरोबर ना? किंवा मग स्टॅबिलायझर?

जुना वायरमन

लवकर तापेल, पण आत्ता नको, आणि का नको ते आकड्यात बघा. 2000 वॅटच्या रॉडचा रोध 26.5 ओहम. वायरिंगचे 3 धरून 196 ला 6.6 अँपियर वाहतील. म्हणजे वायरिंगमध्ये ज्या कुठल्या जागी रोध दडलाय तिथली उष्णता 5.1 च्या वर्गावरनं 6.6 च्या वर्गावर गेली, पावणेदोन पटीच्या जवळ. जागा सापडायच्या आधी लोड वाढवणं म्हणजे आगीला सरपण.

स्टॅबिलायझरनं तर अजून वाईट. तो रॉडला 230 देणार, रॉड पूर्ण 1500 वॅट ओढणार, आणि ते सगळे 181 च्या लाईनीतनं यायचे म्हणजे ताईंचे 8.3 अँपियर, तिथे तो आकडा खरा होतो! वर स्टॅबिलायझर स्वतः खातो ते वेगळं. आधी जागा शोधा.

वस्तीवरून

काका, आज सकाळी मोजलं आणि माझे हातपाय गार पडलेत, सगळं लिहिते.

रॉड चालू असताना मेन स्विचवर 194, त्याच वेळी बाथरूमच्या बोर्डाला 181. मी बोर्डाला आणि दीर मेनला, फोनवर बोलत बोलत एकदमच वाचलं. मीटर पुढच्या पडवीत आहे आणि बाथरूम गोठ्याच्या मागे, वायर मोजली तर 40 मीटर, तांब्याचीच आहे, 1 स्क्वेअर एमएमची. मग मीच वहीत मांडलं, चुकलं असेल तर सांगा. 13 व्होल्ट ÷ 5.1 = 2.5 ओहम. दिराच्या पुस्तकात 1 स्क्वेअर एमएम तांब्याला किलोमीटरला 18.1 ओहम दिलंय, जायची 40 आणि यायची 40 म्हणजे 80 मीटर, 1.45 ओहम. उरले साधारण 1.1 ओहम, ते वायरचे नाहीत. 5.1 चा वर्ग 26, गुणिले 1.1, म्हणजे 28 वॅट कुठेतरी एकाच जागी जळतायत. दीर म्हणाला वहिनी आमच्या वर्कशॉपला सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं.

मेन बंद केला आणि वायर चाचपत निघालो. गोठ्याच्या मागच्या कुडाला, जिथे आम्ही वाळला कडबा रचतो तिथे, वायरला जोड होता. मागे कधीतरी उंदरानं वायर कुरतडली तेव्हा पिळा मारून काळी टेप गुंडाळलेली. टेप विरघळून गळून आली होती, आतली तार हिरवी-काळी, शेजारच्या वायरचं प्लास्टिक वितळून एकमेकाला चिकटलेलं. मेन बंद करून पाच मिनिटं झाली होती तरी हाताला चटका बसला. आणि वर हातभर अंतरावर कडब्याची पेंढी. सासूबाई बघून खालीच बसल्या. रोज पहाटे पाऊण तास ते तिथे तापत होतं आणि आम्ही रॉडला नावं ठेवत होतो.

आत्ता ती लाईन मेनपासूनच तोडून ठेवलीय, पाणी चुलीवर.

जुना वायरमन

ताई, हिशोब एक नंबर, एकही आकडा चुकलेला नाही. वेळेत सापडलं, देवाची कृपा. सांगून ठेवतो, असल्या जोडाला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) कधीच पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो, उलट कमी झालेला असतो. एमसीबीला 5 अँपियर म्हणजे सगळं ठीक. हे फक्त व्होल्ट मोजूनच कळतं नाहीतर हात लावून.

आता करा काय, जोड परत मारू नका, अख्खी वायर नवी ओढा, 2.5 स्क्वेअर एमएम तांबं, मेनपासून बोर्डापर्यंत सलग एक तुकडा, पाईपमधनं. बोर्डाला 6 अँपियरचा नाही, 16 अँपियरचा सॉकेट, कारण व्होल्टेज पूर्ण आला की तुमचा रॉड साडेसहा घेतो. अर्थिंगची तिसरी तार बरोबरच टाका, पाण्यात धातू बुडवायचाय, आणि मेनला 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, बसवा. पाण्यात हात घालायच्या आधी बटण तर बंद कराच, प्लगपण काढा. कडबा तिथनं हलवा.

ताम्हण

मी सहसा नुसती वाचते पण हे वाचून उठले आणि आमच्या गिझरच्या प्लगला हात लावून बघितला. कोमट लागला. पिना काळ्या पडल्यात. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावतेय. ताई एक विचारू का, ह्या कमी व्होल्टेजनं तुमचं बिल पण वाढत होतं का?

खडू आणि फळा

चांगला प्रश्न. पाण्याला लागणारी ऊर्जा तेवढीच, 2512 किलोज्यूल म्हणजे 0.7 युनिट, 28 मिनिटांत द्या नाहीतर 45 मिनिटांत. तेवढा वेळ बादली उघडी राहून थोडी गार होते ते वेगळं, झाकण टाकलं तर तेही वाचतं. पण वायरीतले 13 व्होल्ट मीटरच्या पुढचे होते, म्हणजे 13 × 5.1, सुमारे 66 वॅट, त्यांचे पैसे ताई भरत होत्या. मीटरच्या अलीकडे, खांबावर जे जातं, ते बिलात येत नाही.

वस्तीवरून

मंडळी, काल वायरिंग झालं, दीर आणि त्याचा मित्र दोघं दिवसभर होते. 2.5 ची वायर सलग, अर्थिंग, आरसीसीबी सगळं. आज पहाटेचे आकडे: रॉड न लावता 196, लावल्यावर बोर्डाला 191, करंट 5.4. गुणाकार 1031 वॅट. बादली 41 मिनिटांत झाली. चारच मिनिटं वाचली, कारण डीपीवरचा व्होल्टेज तोच आहे. वस्तीवरच्या सात घरांनी मिळून लाईन ऑफिसला अर्ज द्यायचा ठरवलंय, त्यात पहाटे 4 ते 7 चे रोजचे व्होल्टेज लिहून जोडणार, मी वही केलीय.

दुपारी मोटरी बंद झाल्यावर परत लावून बघितलं, बोर्डाला 219, करंट 6.2, बादली 31 मिनिटांत. म्हणून आता दुपारीच तापवून झाकणाच्या मोठ्या थर्मासच्या पिंपात भरून ठेवावं का असा विचार चाललाय, पहाटेपर्यंत किती गार होतं ते आज रात्री थर्मामीटर टाकून बघते आणि इथेच लिहिते. शेजारच्या दोन घरांच्या वायरी दीर रविवारी मोजणार आहे, एका घरी रॉड लावला की 20 व्होल्ट पडतात.